जुन्या टीआर६ ला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर बसवावा का?

तेलकट_बाह्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी ट्रायम्फ टीआर६, १९७२ ची. इंजिन मूळचंच, २४९८ सीसी, सहा सिलिंडर. चालते झकास पण दोन दुखणी आहेत. एक, रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर मारल्यावर चार-पाच सेकंद खालून असा खडखडाट येतो की पोटात गोळाच येतो. ऑइल प्रेशरचा काटा तोवर शून्याला चिकटलेला, मग एकदम उठतो आणि आवाज गायब. दोन, ऑइल बदलणं. फिल्टरचा डबा ब्लॉकला आडवा लावलेला, मधून एक लांबलचक बोल्ट, तो जरा ढिला केला की डब्यातलं सगळं ऑइल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत (आयडी उगाच घेतलेला नाही). शिवाय ती रबराची रिंग दरवेळी खोबणीतून खरवडून काढायची.

आता स्पिन-ऑनचा अडॅप्टर मिळतो असं कळलंय. डबा काढायचा, त्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवायचा आणि त्यावर आजच्या गाड्यांसारखा फिरवून बसणारा फिल्टर. कुठे ड्रिल मारायचं नाही की कापायचं नाही. प्रश्न एवढाच, याचा इंजिनाला खरंच काही फायदा आहे का ही फक्त माझ्या बाह्यांची सोय? आणि गाडीचं मूळपण जातं का?

जुनं_ते_सोनं
पन्नास वर्षं त्या डब्यानं इमानेइतबारे काम केलं आणि आता बाही खराब होते म्हणून त्याला निवृत्ती. उद्या म्हणाल कार्ब्युरेटर ट्यून करायला वेळ लागतो, इंजेक्शन बसवू.
हात काळे व्हायला नको असतील तर क्लासिक गाडी हा छंदच नव्हे. स्पष्ट बोललो, राग नसावा.

धूरकांडी
@जुनं_ते_सोनं, टीआर६ ला कंपनीनंच इंजेक्शन दिलं होतं की हो. लुकासचं. उदाहरण तरी दुसरं शोधायचं :)

जुनं_ते_सोनं
ते इंजेक्शन सांभाळणाऱ्यांना विचारा, ते सगळे कार्ब्युरेटरचे फोटो पाकिटात ठेवून फिरतात.

स्पॅनरताई
बाह्या, तुझी दोन्ही दुखणी एकाच डब्यातली आहेत बहुतेक. फिल्टर आडवा असला की गाडी उभी असताना त्यातलं ऑइल हळूहळू पंपाकडून मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत उतरतं. सकाळी पंपाला आधी तो रिकामा डबा भरायचा असतो, मग कुठे ऑइल बेअरिंगपर्यंत जातं. तुझे चार-पाच सेकंद त्यातच जातात आणि तेवढा वेळ बेअरिंग कालच्या राहिलेल्या पातळ थरावर फिरत असतात.

चांगल्या स्पिन-ऑनमध्ये आत रबराची एक गोल पाकळी असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात तो. फिल्टरच्या तोंडाला कडेनं जी बारकी भोकं दिसतात त्यातून ऑइल आत येतं आणि मधल्या मोठ्या भोकातून गाळून बाहेर जातं. ही पाकळी आतून त्या बारक्या भोकांवर टेकून बसते. पंप दाब देतो तेव्हा बाजूला होते, पंप थांबला की मिटते. म्हणजे फिल्टर भरलेला राहतो. फायदा असेल तर खरा इथे आहे, बाही वाचते तो बोनस.

पण सगळ्या फिल्टरमध्ये ही पाकळी नसते!! ज्या इंजिनात फिल्टर तोंड वर करून उभा लटकतो त्यांना गरज कमी म्हणून काही फिल्टर तिच्याशिवाय येतात. आणि पाकळी सिलिकॉनची असेल तर बघ, साधी नायट्राइल रबराची उष्णतेनं कालांतराने कडक होते आणि मग नीट टेकत नाही.

मीही_आलो
वाचतोय. ताईंना +१.

बी_सिरीजवाला
माझी एमजीबी. आमच्याकडे हा वाद कारखान्यानंच मिटवून टाकला, सुरुवातीच्या गाड्यांना डबा होता आणि पुढच्या गाड्यांना त्यांनीच स्पिन-ऑन दिला. त्यामुळे जुन्या एमजीबीला किंवा तिच्या आधीच्या एमजीएला पुढच्या मॉडेलचं फिल्टर हेड (फिल्टर ज्यावर बसतो तो भाग) लावायचं, झालं काम. मूळपणाचे पोलीसही फार ओरडत नाहीत कारण भाग घरचाच. मी आठेक वर्षांपूर्वी बदललं, आता ऑइल बदलायला अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं पाना कुठे ठेवला ते शोधण्यात.

जुनं_ते_सोनं
ताईंचं म्हणणं पाकळीपुरतं मान्य. पण एक गंमत सांगतो. ज्या स्पिन-ऑनला तुम्ही 'आधुनिक' म्हणताय तो १९५० च्या दशकातला आहे. आणि आजच्या कितीतरी नव्या गाड्या बघा, बऱ्याचशा जर्मन तर नक्कीच, परत डबा आणि आत नुसता कागदी फिल्टर याच पद्धतीवर आल्यात. दरवेळी पत्र्याचं अख्खं डबडं फेकायचं आणि त्यात अडकलेलं ऑइलही, त्यापेक्षा कागद तेवढा बदला. म्हणजे बाह्यासाहेब, तुमची गाडी काळाच्या पुढे आहे आणि तुम्ही तिला मागे नेताय.

अजून एक. कागदी फिल्टर बाहेर काढला की घड्या उलगडून बघता येतो, पितळी चमक दिसली की समजायचं बेअरिंग निघालंय. स्पिन-ऑनमध्ये काय दिसतं? घंटा. कापायला वेगळा कटर लागतो, करवत वापरली तर करवतीचाच कीस बघून रात्रभर झोप नाही.

स्पॅनरताई
हे मात्र शंभर टक्के खरं. मी कटर वापरते, डबे उघडायच्या कटरचा थोरला भाऊ. दर फिल्टर उघडून बघायची सवय लावून घेतली की काही बिघडत नाही. आणि बऱ्याच नव्या गाड्यांचा डबा वरून उघडतो हो, ऑइल बगलेत येत नाही.

आट्यापाट्या
माझ्या आयडीचा विषय आला म्हणून लिहितो. अडॅप्टर कुठलाही घ्या, त्याच्या मधल्या स्टडचे (फिल्टर ज्यावर फिरवून बसतो त्या दांड्याचे) आटे कुठले ते आधी विचारा आणि त्या ठोकळ्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या अडॅप्टरना बहुतेक वेळा ३/४ इंच, इंचाला १६ आटे असा स्टड येतो. पण काही अडॅप्टर मेट्रिक फिल्टरसाठी केलेले असतात, एम२० आणि दीड मिलिमीटर पिच.

आता यात मेख काय ते ऐका. इंचाला १६ म्हणजे एक आटा १.५८७५ मिलिमीटरचा. म्हणजे दीडच्या अगदी जवळ. आणि ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, एम२० पेक्षा जेमतेम मिलिमीटरभर बारीक. त्यामुळे एम२० चा फिल्टर ३/४ च्या स्टडवर छान फिरत जातो, गॅस्केट टेकतं, हाताला घट्ट लागतो सुद्धा. पण आत आट्याला आटा नुसता टोकाला धरून असतो, एका बाजूला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वगैरे. गार इंजिन, दाट ऑइल, स्टार्ट केल्यावर ऐंशी-नव्वद पीएसआयचा दाब आला की तो फिल्टर जागेवर राहीलच असं कोणी सांगू शकत नाही.

मी स्वतः हा शहाणपणा केलाय. घाईत शेजारच्या गाडीसाठी आणलेला फिल्टर लावला, दिसायला सेम टू सेम. नशीब एवढंच की लावताना तो जरासा डुलल्यासारखा वाटला म्हणून काढून कॅलिपर लावला. तेव्हापासून नवा फिल्टर आधी गॅस्केट टेकायच्या आत दोन-तीन आट्यांवर हलवून बघतो. खुळखुळला की परत खोक्यात.

धूरकांडी
थोडक्यात डोक्याचे आटे ढिले असले तरी चालतील, फिल्टरचे नकोत. (हलके घ्या.)

मीही_आलो
ठ्ठो!

खडखडसिंग
सगळे फिल्टरवरच घसरलेत पण सकाळचा खडखडाट फिल्टरचाच कशावरून? टीआर६ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं थ्रस्ट वॉशर. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्र वॉशर असतात. क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर. झिजत झिजत एक दिवस वॉशर निसटून थेट चेंबरमध्ये आणि मग क्रँक ब्लॉकलाच खात सुटते. तेव्हा कितीही महागडा फिल्टर लावा.

तपासणी सोपी आहे. एकानं क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्यानं पुढची पुली बघायची. डोळ्याला सरकताना दिसली तर गाडी चालवणं बंद. नीट मोजायचं तर डायल गेज लावून. सहा ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आले तर नव्यासारखं.

स्पॅनरताई
खडखडसिंग, सल्ला लाखमोलाचा पण थ्रस्ट वॉशरचा आवाज काटा वर आल्यावर गायब होत नाही सहसा, क्लचबरोबर बदलतो. तरी बाह्या, तपासून घेच. त्याला खर्च शून्य.

तेलकट_बाह्या
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.
पुली बघितली. बायकोनं क्लच दाबला, मी टॉर्च घेऊन समोर. डोळ्याला काही दिसलं नाही म्हणून मित्राकडून डायल गेज आणला, सात थाऊ आले. खडखडसिंग, तुमच्यामुळे दोन रात्री झोपलो नव्हतो, आता झोपतो.

आज डबा उघडतो.

तेलकट_बाह्या
उघडला. आता जरा गंभीर आहे, हसू नका.
मॅन्युअलच्या चित्रात डब्याच्या तळाशी आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग सील, मग पत्र्याची चकती आणि तिच्यावर कागदी फिल्टर असा सगळा संसार दाखवलाय. माझ्या डब्यात कागदी फिल्टर आणि बोल्ट. बाकी कोणी नाही. गाडी दोन वर्षांपूर्वी घेतली, तेव्हापासून दोनदा फिल्टर मीच बदललाय आणि मला वाटायचं इतकंच असतं.

आट्यापाट्या
अरे देवा.

बी_सिरीजवाला
हा जुना आजार आहे, फक्त तुमचाच नाही. काळ्या ऑइलमध्ये ती चकती आणि स्प्रिंग जुन्या फिल्टरच्या बुडाला चिकटून बाहेर येते आणि फिल्टरबरोबर कचऱ्यात जाते. कोणाला पत्ताही लागत नाही कारण डबा परत बसतो, गळत नाही, प्रेशरही दिसतं.

स्पॅनरताई
प्रेशर दिसणारच, उलट काटा खूष. स्प्रिंगचं काम कागदी फिल्टरला वर ब्लॉकच्या तोंडाशी दाबून धरणं. ती नसली की फिल्टर डब्यात सैल लोळतो आणि ऑइल कागदातून जायचे कष्ट कशाला घेईल, बाजूनं वळसा घालून न गाळता सरळ बेअरिंगकडे. म्हणजे निदान दोन वर्षं तुझ्या गाडीला फिल्टर नव्हता असं समज.

पण एक लक्षात घे, सकाळच्या खडखडाटाचं कारण हे नव्हे. स्प्रिंग असती तरी डबा रिकामा झालाच असता. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

जुनं_ते_सोनं
आता मी काय बोलू. डब्याचा दोष नाही, माणसांचा आहे, एवढं म्हणून ठेवतो. पण ज्या रचनेत एक स्प्रिंग हरवली की इंजिन बिनफिल्टरचं चालतं आणि मालकाला कळतही नाही, त्या रचनेची बाजू आज तरी मला घेता येत नाहीये.

धूरकांडी
हा प्रतिसाद कोणीतरी फ्रेम करून ठेवा रे.

नवशिक्या०७
माझा एक बाळबोध प्रश्न, ते ऑइल कुठलं घालता? सिंथेटिक चालतं का?

खडखडसिंग
झालं. धागा ऑइलवर गेला. आता शंभरी नक्की.

बी_सिरीजवाला
२०डब्ल्यू-५०, मिनरल. ज्या इंजिनात कॅम थेट सपाट टॅपेटवर घासतो तिथे झिंकवालं ऑइल हवं, आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये झिंक कमी केलंय कारण त्याच्यासोबत येणाऱ्या फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आपल्याकडे कन्व्हर्टर नाही, टॅपेट आहेत. मिनरल का सिंथेटिक यावर मी भांडणार नाही, मागच्या वेळी दोन मित्र गमावले.

मांजर_एक्सके
उशिरा आलो. जॅग्वारच्या एक्सके इंजिनवाल्यांसाठी एक इशारा लिहून ठेवतो, कोणीतरी शोधत इथे येईलच. आपल्याकडे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह फिल्टरच्या हेडमध्येच असतो आणि जादाचं ऑइल तिथून एका रबरी नळीनं चेंबरमध्ये परत जातं. स्पिन-ऑन करताना हेडला हात लावायचा असेल तर ही सगळी व्यवस्था नव्या भागात आहे का ते बघा. आणि ती नळी या निमित्तानं बदलाच. माझी बोटानं दाबल्यावर बिस्किटासारखी तुटली.

दुसरं, सगळ्यांनाच लागू. बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार दाट असलं तर बेअरिंग उपाशी राहू नये म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल जाऊ देतो. घाण ऑइल बिनऑइलपेक्षा बरं, हा हिशोब. तो तुमच्या गाडीत ब्लॉकमध्ये आहे का डब्यात का फिल्टरमध्ये हे मॅन्युअल उघडून शोधा. डब्याबरोबर तो गेला तर नव्या फिल्टरमध्ये असायलाच हवा.

तेलकट_बाह्या
ठरलं, अडॅप्टर मागवला. फिल्टर खाली लटकेल असा कोपऱ्याचा घेतला, चासीपासून अंतर मोजून. आटे ३/४-१६, आट्यापाट्या यांच्या आज्ञेनुसार ठोकळ्यावरच कोरून ठेवणार. फिल्टरमध्ये पाकळी आहे, सिलिकॉनची, बायपासही आहे. मूळ डबा फेकत नाही, साफ करून कपाटात. स्प्रिंग-चकतीचा संच मागवून त्याच्यासोबत ठेवतो म्हणजे पुढचा मालक मला शिव्या देणार नाही.

आट्यापाट्या
शाब्बास. आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉकच्या खोबणीतली जुनी रिंग. दाभण घेऊन पूर्ण गोल फिरवा. कडक झालेली रिंग लोखंडासारखीच दिसते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत एकावर एक तीन निघाल्या होत्या.

स्पॅनरताई
आणि फिल्टर लटकणारा आहे तर बसवायच्या आधी ऑइलनं भर. गॅस्केटला बोटानं ऑइल लाव, टेकलं की हातानं पाऊण फेरा, पाना लावू नको. मग कॉइलची वायर काढून स्टार्टर मार, काटा हलेपर्यंत. मगच इंजिन चालू.

तेलकट_बाह्या
बसवला. आणि ऐका.
रिंग काढली होती, शपथेवर. दाभणानं काढली, फडक्यानं पुसली, नवी बसवली, ठोकळा आवळला, फिल्टर भरून लावला, कॉइल काढून स्टार्टर मारला, काटा उठला. मी खूष. कॉइल जोडली, इंजिन चालू केलं, आणि बायको दारातून ओरडली की खाली काहीतरी सांडतंय. काहीतरी म्हणजे काय, दहा सेकंदात लिटरभर. ठोकळा आणि ब्लॉकच्या मधून पडदा लावल्यासारखं.

लगेच बंद केलं. परत सगळं खोललं. खोबणीत दाभण घातलं तर तळ खटखट वाजतो, लोखंडच. पण खोली मोजली तर नवी रिंग जवळजवळ पूर्ण बाहेर राहत होती, तेव्हा शंका आली. दाभण जोरात खुपसलं आणि ते 'लोखंड' काळ्या तुकड्यांत निघायला लागलं. एक नाही, दोन निघाल्या. म्हणजे मी काढलेली धरून तीन.

आट्यापाट्या
तीन! मी उगाच आकडा सांगितला नव्हता.

खडखडसिंग
आधीच्या मालकानं स्प्रिंग टाकून दिली पण रिंगा मात्र एकही टाकली नाही. हिशोब बरोबर.

धूरकांडी
संग्राहक वृत्ती.

नवशिक्या०७
पण मग आधी गळत का नव्हतं?

बी_सिरीजवाला
डब्याची कड बारीक असते, ती खोबणीत शिरून वरच्या रिंगेला दाबते, मधल्या लांब बोल्टनं ओढून धरली की भागून जातं. ठोकळ्याचा ओठ तेवढा आत जात नसावा. असा माझा अंदाज, बाह्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाकला तर नक्की सांगता येईल.

तेलकट_बाह्या
फोटो संध्याकाळी टाकतो. अंदाज बरोबर वाटतोय, डब्याची कड खरंच पातळ आहे.

आता निकाल. नवी एकच रिंग, ठोकळा परत आवळला, कोरडाठाक. तीन दिवस गाडी मुद्दाम उभी ठेवली. आज सकाळी स्टार्ट केली, मोबाईलवर रेकॉर्ड करून मोजलं, काटा एक सेकंदाच्या आत उठला. खडखडाट म्हणावा असा नाही, नुसती एक टकटक आणि मग गप्प. सवयीनं पोटात गोळा यायला निघाला होता, अर्ध्यातून परत गेला.

पाचशे किलोमीटरवर हा फिल्टर काढून कापून बघणार आहे, दोन वर्षांची घाण कुठेतरी असेलच. कटर कुठला घ्यावा?

स्पॅनरताई
पाचशेला बदलतोयस ते उत्तम. कटरचं खासगी निरोपात कळवते. कापल्यावर कागद पिळून पांढऱ्या फडक्यावर पसर आणि लोहचुंबक फिरव. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, न चिकटता चमकलं तर बेअरिंग. फोटो इथेच टाक, आम्हीही बघू.

जुनं_ते_सोनं
अभिनंदन बाह्यासाहेब. मनापासून.
एक विचारू का, तो मूळ डबा कपाटात ठेवताना आतून गंज लागू नये म्हणून ऑइलचा हात फिरवा. आणि बाहेरून रंग नका देऊ, आहे तसाच छान दिसतो. आणि कधी तो डबा कोणाला देऊन टाकायचाच झाला तर आधी मला सांगा, माझ्या टीआर६ च्या डब्यात काल स्प्रिंग शोधली. नाहीये.